बेताची गाय

काशीला नारद घाट आणि खोरी घाट यांच्यामध्ये जो घाट लागतो, त्याला आता राजाघाट म्हणतात. आपली त्याच्याशी ओळख अमृतराव घाट या नावाची. रघुनाथरावांनी दत्तक घेतलेले अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी तह करून, तनखा आणि जहागीर पदरात पाडून राजकारणातून मोकळे झाले. १८०७च्या सुमारास त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला, वर देवळं उभारली, अन्नछत्र घातलं. १८२४ मध्ये काशीजवळच सिकरौल इथे ते वारले. जन्माने ते भुसकुटे, म्हणजे घराणं कोकणस्थ. लेख त्यांच्यावर नाही, गाईवर आहे. पण कोकणातल्या माणसाने गंगेकाठी बांधलेल्या पायऱ्यांवर जी गाय रवंथ करत बसते तिच्यापासून सुरुवात केली की पुढची गोष्ट उलगडायला सोपी जाते.

काशीच्या घाटावरची गाय बारकाईने पाहिली तर ती बरेचदा गंगातिरी निघते, निदान गंगातिरीचं रक्त अंगात असलेली. बनारस, गाझीपूर, मिर्झापूर, बलिया हा तिचा मुलूख. पांढरीशुभ्र असेल तर तिकडचे लोक तिला ‘धवर’ म्हणतात, राखी असेल तर ‘सोकन’. मध्यम बांध्याची, लांब पायांची, मोकळ्या अंगाची गाय. गंगेने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळावर जे पिकतं ते खाऊन वाढलेली, म्हणून तिच्या हाडापेरात एक सैलपणा आहे. पायरीवर बसताना ती जागा मापत नाही. चार माणसं वळसा घालून जातात.

कोकणातली किती घराणी पिढ्यान्‌पिढ्या काशीला जाऊन राहिली! त्यांनी देव नेले, कुळाचार नेले, स्वयंपाकाच्या पद्धती नेल्या. गाय कुणी नेल्याचं ऐकिवात नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. गंगेकाठी जिथे गंगातिरी मिळते तिथे कोकणातली गाय नेणं म्हणजे तिला तिच्या अर्थापासून तोडणं. तिचा आकार, तिचा रंग, तिचं तुटपुंजं दूध, तिचा हट्टीपणा हे सगळं ज्या जमिनीशी बोलणं करत घडलं, ती जमीन बाजूला काढली की उरते नुसती एक ठेंगणी गाय.

या ठेंगण्या गाईला आता सरकारदरबारी नाव आहे: कोकण कपिला. पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यात ती सापडते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या मंडळींनी गावोगाव फिरून तिची मोजमापं घेतली, आणि २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. तोवर तिची नोंद ‘गावठी’ या एका शब्दात उरकली जायची. कृषिप्रदर्शनात खिलार, देवणी, डांगी, लाल कंधारी यांचे मांडव; ही मांडवाबाहेर, कुणाच्या तरी बांधावर. पुढे गोव्याच्या पांढऱ्या गाईचीही ‘श्वेत कपिला’ म्हणून नोंद झाली. नाकपुडीपासून शेपटाच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. देखणी आहे, वादच नाही. पण मला विचाराल तर वाचायला जास्त मजकूर कोकण कपिलेत आहे.

तिच्यापाशी उभं राहावं ते सकाळच्या उन्हात, आणि एका बाजूने. समोरून पाहिलं तर आपण फक्त डोळे पाहतो आणि हरतो. बाजूने पाहिलं की आधी पाठीची रेघ दिसते. वशिंडापासून माकडहाडापर्यंत ती फारशी कुठे खचत नाही, आणि जमिनीपासून तिची उंची भरते मीटरभर, थोडी इकडेतिकडे. म्हणजे मोठ्या माणसाच्या कंबरेच्या जरा वर. वजन दोन-सव्वादोनशे किलो. गंगातिरीपेक्षा वीतभर बुटकी, पण नजरेला ती बुटकी वाटत नाही, ही यातली खरी गंमत. कारण डोकं, मान, पोट, पाय सगळं एकाच हिशेबाने लहान झालेलं आहे. शेजारी माणूस उभा राहीपर्यंत तिचं लहानपण कळत नाही.

कपाळ सरळ, अवाजवी फुगवटा नाही. शिंगं बहुधा सरळ, टोकदार, किंचित मागे कललेली. खिलारच्या शिंगांची ऐट त्यांत नाही. करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून पाला ओढायचा तर ऐटबाज शिंगं अडचणीचीच. नाकपुडी, पापण्या, खूर, शेपटाचा गोंडा ही टोकं बहुतेकदा काळी, मधलं अंग तांबूस, काळं, नाहीतर मिसळ रंगाचं. चैत्र-वैशाखात तांबूस गाय जांभ्याच्या सड्यावर चरायला गेली की लांबून नुसता गोंडा हलताना दिसतो. वशिंड लहान, गळ्याखालची पोळीही आटोपशीर. गीरच्या गळ्याखाली जी झालर लोंबते तिच्यावर लोक भाळतात. उष्ण, कोरड्या मुलखात अंगाची उष्णता बाहेर टाकायला तिचा उपयोग असेलही. कोकणी गाईने ते काम दुसऱ्या रीतीने साधलं आहे. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त. एवढ्याशा अंगातली उष्णता निघून जायला मोठ्या झालरीची गरज राहत नाही.

आता कातडी. हिच्यासाठी अंमळ थांबायला हवं. हात ठेवून पाहा: पातळ, घट्ट, त्यावर आखूड चकचकीत केस, आणि खाली स्नायूचा एक सतत जागा असलेला थर. माशी खांद्यावर बसली की संपूर्ण गाय हलत नाही, मानही फिरवत नाही. माशी बसली तेवढाच तळहाताएवढा तुकडा थरथरतो आणि माशी उठते. दुसरीकडे बसते, तिथला तुकडा थरथरतो. तोंड तिकडे चरतच असतं. संकरित गाईची अशा वेळी केवढी धांदल उडते, शेपूट, डोकं, पाय, सगळ्यांनिशी ती माशीशी लढते. पावसाळ्यात कोकणात गोचीड, गोमाशी, डास यांचा जो सुकाळ असतो त्यात दिवसभर झटापट करणारं जनावर चरणार कधी? आमच्या गाईने हे भांडण कातडीवर सोपवून दिलं आहे.

खूर काळे, लहान, कठीण. जुलैच्या चिखलात महिनाभर उभं राहून जड जनावरांचे खूर मऊ पडतात, सडतात, लंगडणं सुरू होतं. हिचं अंगच हलकं, तेव्हा रुतणं कमी. आणि चाल! सड्यावरून वाडीत उतरायला जी जांभ्याची ओबडधोबड पाखाडी असते, तिच्यावरून ही संध्याकाळी खाली येते तेव्हा मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या जागी पडतो. घाटावरची गंगातिरी पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला विचार करते. तिची जमीन सपाट, तिला पायरी हा अपवाद. कोकणातल्या गाईला सपाटी हा अपवाद.

कास लहान, वाटीसारखी, सड आखूड. मूठ भरून दूध काढणाऱ्याची इथे पंचाईत होते, चिमटीनेच पिळावं लागतं. वासरू आधी लुचल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, आणि परका माणूस बसला तर वासरू लावूनही चोरते. दिवसाला दोन-अडीच लिटर, कुणाचं याहून कमी. सिंधुदुर्गात एखाद्या काकींना विचारा, “दूध किती देता?” उत्तर येतं, “घराक पुरता.” लिटरात उत्तर मिळत नाही, कारण तिथे दूध मापायचा प्रसंगच येत नाही. स्निग्धांश साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे होल्स्टीन संकरितपेक्षा चांगलाच. ताक दाट, लोणी कणीदार. बाकी देशी दुधाच्या औषधी गुणांविषयी जे काही फोनवर फिरत असतं, त्यावर माझा विश्वास नाही आणि या गाईला त्या जाहिरातीची गरजही नाही.

हे सगळे अवयव एकत्र वाचले की एकच कारण हाती येतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कुठे त्याहूनही जास्त, आणि तो चार महिन्यांत. एवढं पाणी जांभ्याच्या मातीतलं कसदार जे काही असेल ते धुऊन नदीवाटे खाडीला पोचवतं. श्रावणात डोंगर हिरवेगार, गवत छातीभर, पाहुणे फोटो काढतात. पण ते गवत निकस. भाराभर खावं तेव्हा मूठभर अंगी लागतं. दिवाळीनंतर तेही वाळतं, जानेवारीपासून सडा करपतो, आणि मग जूनपर्यंत भाताचा पेंढा. पेंढ्यात प्रथिनं नावापुरती, चुना-फॉस्फरसची वाण, वर सिलिका भरपूर. या खाण्यावर पाचशे किलोची गाय उभी राहूच शकत नाही. ज्या राहू शकल्या त्या लहान होत्या, त्यांची वासरं लहान राहिली, आणि शेकडो वर्षांत लहानपण हाच बांधा झाला. कुणी ठरवून केलं नाही. निवड केली ती पावसाने आणि पेंढ्याने.

बैलाच्या बाजूनेही हिशेब जुळत गेला. कोकणातली भाताची खाचरं म्हणजे डोंगराच्या पोटात खणून काढलेल्या पायऱ्या. काही कुणगे इतके लहान, की लांब अंगाची बैलजोडी आत घातली तर नांगराला फिरायला जागा नाही. बुटका, चपळ बैल कोपऱ्यात जागच्या जागी वळतो. या गाईच्या लहानपणाला शेताच्या तुकड्यांनीही मान्यता दिली, असं म्हणायला हरकत नाही.

थोडक्या जमिनीवर गाय पाळू पाहणाऱ्याने हा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण इथे एक गोड गैरसमज आहे. लोकांना वाटतं, गाय निम्मी म्हणजे चारा निम्मा. तसं होत नाही. शरीर लहान झालं की किलोमागे लागणारी ऊर्जा वाढते. साडेचारशे किलोच्या गाईच्या जागी सव्वादोनशेची बांधली तर नुसत्या अंगापुरता लागणारा चारा निम्म्यावर न येता साठ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे किलोच्या भावाने लहान गाय महागच. स्वस्त पडते ती एकूण बेरजेत: दिवसाला पाच-सहा किलो सुकं खाणं, बस. वीस गुंठ्यांच्या भातातून साधारण आठशे किलो पेंढा निघतो. दिवसाला चार किलो धरला तर दोनशे दिवस जातात, म्हणजे जवळजवळ सगळा कोरडा हंगाम. पावसाळ्यात रान आहेच. बांधावर चार ठोंबं संकरित नेपियरची, कुंपणाला शेवरी-हादगा, अंगणातल्या फणसाचा पाला, मूठभर पेंड, आणि खनिज मिश्रण न चुकता. म्हणजे अर्ध्या एकराचं भात आणि ही गाय एकमेकांना पुरी पडतात. तिचं शेण दिवसाला दहा किलोच्या घरात, वर्षाला साडेतीन टनांच्या आगेमागे; तेही त्याच अर्ध्या एकराला परत. मोठी गाय आणली की पहिल्या दिवसापासून पेंडेचं पोतं बाजारातून येऊ लागतं आणि दूध बाजारात जाऊ लागतं. तो धंदा झाला. वाईट नाही, पण निराळा.

गोठा आठ बाय चार फुटांच्या हिशेबाने पुरतो. छप्पर उंच आणि पावसाची झड न लागणारं हवं, जमीन उताराची आणि खरखरीत. गुळगुळीत कोबा करू नका, पाय घसरून खुबा निखळला तर जनावर संपलं. आणि एकटी गाय आणू नये. गुरं ही घोळक्याची जात. एकटी गाय हंबरून हंबरून शेजाऱ्यांना वैरी करते. दोन गाई परवडत नसतील तर निदान वासरासकट आणावी.

आणायची कुठून? या गाईचा असा मोठा बाजार भरत नाही. मुरबाडजवळची म्हसाची जत्रा गुरांसाठी नावाजलेली, पण कोकण कपिला बहुधा घरातून घरात जाते, ओळखीने. ते चांगलंच, कारण विकत घेण्यापूर्वी तिची आई पाहता येते, जमलं तर वळूही. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय नवख्याला बरी; पहिलारू कालवड शिकाऊ माणसाच्या हाती म्हणजे दोघांचंही शिक्षण एकदमच. संध्याकाळी आणि लगेच दुसऱ्या सकाळी, अशा लागोपाठ दोन धारा समोर काढायला लावाव्यात. आदल्या वेळचं दूध कासेतच ठेवून कास टंच दाखवणं ही जुनी युक्ती, दुसऱ्या धारेला ती उघडी पडते. चारही सडांतून धार येते ना, दुधात गुठळी नाही ना, ते हातावर घेऊन बघावं. चालवून बघावी, चारा टाकून बघावी. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरच्या बारा आकडी क्रमांकावरून पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद तपासता येते. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी झाल्या का, लम्पी येऊन गेला का, हेही विचारावं. शक्य तर ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करून घ्यावी, घरातली मुलं तिचंच दूध पिणार आहेत.

आणि दात. दात पाहिल्याशिवाय गाय घेऊ नये, ठेंगणी गाय तर मुळीच नाही. दुधाचे दात असतील तर ते वासरू, अजून वाढायचं आहे. दोन दाती म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास. सगळे दात जुळलेले म्हणजे वाढ संपली, उंची आहे ती हीच. हे सांगायचं कारण, फोनवर दिसणाऱ्या ‘मिनी गाई’ खरेदी करताना वर्षाचं गावठी पोर ठेंगण्या जातीची पूर्ण वाढलेली गाय म्हणून गळ्यात पडू शकतं. मग वर्षभरात ‘मिनी’ गाय मालकाच्या छातीला लागते. फोटोत दात दिसत नाहीत.

या मिनी गाईंच्या वेडाबद्दल बोलायलाच हवं. १४ जानेवारी २०२४ रोजी, संक्रांतीच्या निमित्ताने, पंतप्रधान आपल्या निवासस्थानी पुंगनूर गाईंना चारा घालत असल्याची छायाचित्रं देशभर झळकली. पुंगनूर आंध्रच्या चित्तूर जिल्ह्यातली. उंची सत्तर ते नव्वद सेंटिमीटर, वजन सव्वाशे-दीडशे किलो, फार तर दोनशे. सुंदर जात, आणि एके काळी नष्ट व्हायच्या बेताला आलेली. पलमनेरच्या सरकारी पशुधन संशोधन केंद्रात तिचा कळप राखला गेला म्हणून ती टिकली. मागणी आली तसा दर लाखांत गेला, आणि जात वाचवणं मागे पडून उंची कमी करणं हाच खेळ सुरू झाला. जितकी बुटकी तितकी महाग. पुण्या-मुंबईच्या आसपासच्या फार्महाऊसवर ती हिरवळीवर सोडलेली असते, गळ्यात घुंगुरमाळ, आणि पाहुण्यांची लेकरं तिच्याभोवती. चित्तूरला जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिप्पट कोकणात पडतो, हे तिला जुलैमध्ये कळतं.

लहानपणही दोन तऱ्हेचं असतं, आणि पारख्याला ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. एक, जमिनीने आणि चाऱ्याने घडवलेलं: सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान. दुसरं, एका जनुकाच्या बिघाडाने आलेलं: धड मोठं, डोकं मोठं, आणि गुडघ्याखालची नळी तेवढी आखूड. आयर्लंडच्या डेक्स्टर जातीत हे दुसरं लहानपण सापडतं. आखूड पायांच्या डेक्स्टर गाई युरोप-अमेरिकेत छोट्या शेतांवर हौसेने पाळतात. पण तो जनुक आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी आला की वासरू जगत नाही. बहुतेकदा पोटातच वाढ बिघडून गाभ पडतो. तिकडचे लोक अशा वासराला ‘बुलडॉग’ म्हणतात. आखूड पायांचा वळू आणि आखूड पायांची गाय एकत्र आणली तर चारांत एक वासरू असं जाण्याची शक्यता. म्हणून तिकडचे जाणते पैदासकार जनुकाची चाचणी केल्याशिवाय जोडी लावत नाहीत. आपल्याकडे केवळ उंची मोजून जोड्या लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गाय घेताना मी तरी आधी गुडघ्याखाली पाहीन. पाय शरीराशी जुळत नसेल, पोट जमिनीकडे आणि डोकं अंगापेक्षा थोराड, तर ती कितीही गोजिरवाणी असो, दावणीला आणू नये.

पहिल्या तऱ्हेच्या लहानपणाचं काय होऊ शकतं, ते केरळच्या वेचूर गाईने पाहिलं. कोट्टायम जिल्ह्यातल्या वैकमजवळचं वेचूर हे तिचं गाव. गाय सरासरी ८७ सेंटिमीटर उंच, वजन दीडशेच्या आत. साठच्या दशकात दूधवाढीसाठी संकराचं धोरण आलं, परवान्याविना वळू ठेवणं कायद्याने बंद झालं, आणि काही दशकांत वेचूर दिसेनाशी झाली. १९८९ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातल्या डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांचे विद्यार्थी वाडी-वस्ती धुंडाळत फिरले, मूठभर गाई गोळा केल्या आणि त्यांतून जात पुन्हा उभी केली. २०२२ मध्ये आयप बाईंना पद्मश्री मिळाली. शेजारच्या कर्नाटकातली मलनाड गिड्डा याच सह्याद्रीच्या पावसात घडलेली, आमच्या गाईची सख्खी शेजारीण. कारवारच्या बाजूला तर कोकण कपिला कुठे संपते आणि गिड्डा कुठे सुरू होते हे गाईलाही ठाऊक नसावं.

कोकण कपिलेवर वेचूरसारखी वेळ आली नाही. संकरित गाय कोकणच्या पावसात आणि चढउतारात तितकीशी रमली नाही, हा तिचा बचाव. तिचं संकट दुसऱ्या दारातून आलं. खाचरात पॉवर टिलर आला आणि बैलाचं काम गेलं. बैलाचं काम गेलं तेव्हा पाड्याची किंमत गेली. १९७६च्या गोहत्याबंदी कायद्यात २०१५ मध्ये बैल आणि वळूही आले, त्यामुळे जुना विकत घेणाराही उरला नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं, गोशाळांना दिवसाला गाईमागे पन्नास रुपये देऊ केले. गाईचा मान वाढला. तिच्या पाड्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र ज्याच्या गोठ्यात तो जन्मतो त्याचाच राहिला. भातकापणीनंतर रात्री शेतात शिरणारी मोकाट गुरं ही या प्रश्नाचीच पिल्लावळ. छोट्या जागेत गाय पाळू म्हणणाऱ्याने पहिल्याच दिवशी ठरवावं, पाडा झाला तर काय. दोन बैलांना पुरेल एवढं काम निघत असेल तर उत्तम: चिखलणी, बागेतली कोळपणी, छोट्या गाडीवर खत-चिरे वाहणं, एवढं हा बैल हसत करतो. नसेल तर कुणा शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवावं. गोशाळेच्या दारात सोडून येण्याला मी पाळणं म्हणत नाही.

त्याहून मोठा प्रश्न वळूचा. गावात पूर्वी देवाला सोडलेला वळू असायचा, तो आता क्वचित. गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो आणि रेतनाची जी कांडी हाताशी असेल ती भरली जाते. जर्सी असेल, होल्स्टीन असेल, नाहीतर ‘देशीच आहे’ म्हणून गीर. दीड-दोन वीत रुंदीच्या ओटीपोटाच्या गाईच्या पोटात मग थोराड बापाचं वासरू वाढतं, आणि नऊ महिन्यांनी रात्री दोन वाजता ती अडते. पाय बाहेर, डोकं आत, आणि जवळचा पशुवैद्य तीस किलोमीटरवर. जगली-वाचली तर पुढची कालवड ना धड कपिला, ना धड गीर. पेंढ्यावर ती तग धरत नाही, आणि पेंड घालावी एवढं दूध देत नाही. गीर ही सौराष्ट्राची, तिथल्या रानाची मोठी दौलत आहे, पण तिचा बेत वेगळा. म्हणून गाय विकत घेण्याच्या आधी पाच-दहा कोसांत तिच्याच जातीचा, तिच्याच अंगाचा वळू कुठे आहे, तो कुणाकडे, किती वर्षांचा, हे शोधून ठेवावं. दर तीन वर्षांनी तो बदलायला हवा, नाहीतर स्वतःच्याच मुलीवर जातो. वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून एक वळू ठेवला तर खर्च वाटून जातो. आणि तसा वळू मिळतच नसेल, तर गाईचा विचार तूर्त थांबवून, कुणाच्या गोठ्यात चांगल्या आईच्या पोटी जन्मलेला, सारख्या अंगाचा, काळ्या खुरांचा पाडा नकोसा होऊन पडला आहे का, ते आधी पाहावं.